पूरग्रस्तांच्या वसाहतीला फाटक

"एरिया एकदम शांत आहे, सगळी फॅमिली माणसं आहेत." सहकारनगरात जागा दाखवणारा एजंट जिन्याची पहिली पायरी चढायच्या आधी हे वाक्य म्हणतो आणि जागा बघायला आलेलं जोडपं समाधानानं मान हलवतं. या वाक्याचे इथे चौरस फुटामागे जादा पैसे मोजले जातात. मी याच भागात वाढले, लग्न होऊन फार तर चार गल्ल्या पलीकडे आले. तळजईच्या टेकडीवर रोज चालायला जाते, इथली झाडं, इथले रस्ते मला आवडतात. पण या शांततेबद्दल मला जे म्हणायचंय ते सरळ म्हणते. ती टेकडीनं दिलेली नाही, झाडांनी दिलेली नाही, आमच्या सुसंस्कृतपणानं तर मुळीच दिलेली नाही. ज्यांच्या कष्टावर आमची घरं चालतात त्यांना फाटकाबाहेर उभं करून, जिन्यानं चढायला लावून, तोंड बंद ठेवायला लावून आम्ही ती मिळवली आहे. असं वागायचा अधिकार कुणालाच नाही; सहकारनगरातल्या माणसांना तर नाहीच नाही.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे. बसवताना चोऱ्यांचं कारण सांगितलं गेलं. रस्ता महापालिकेचा, डांबर महापालिकेचं, खांबावरचे दिवे महापालिकेचे, आणि फाटक आमचं. त्यावर पाटी आहे: 'फेरीवाले व विक्रेते यांना आत येण्यास सक्त मनाई.' वेल्ह्याकडून एक आजी भाजी घेऊन येते. चाकवत, अंबाडी, माठ, पावसाळ्यात टाकळा नि कुर्डू. पूर्वी ती प्रत्येक इमारतीखाली हाळी द्यायची. आता वॉचमन तिला फाटकाशी अडवतो. तो नोकरी करतोय, त्याला मी बोल लावत नाही. मग ती रस्त्याच्या कडेला पाटी उतरवते आणि आमच्याच बायका पर्स घेऊन खाली येतात, जुडीमागे पाच रुपये कमी कर म्हणून तिच्याशी हुज्जत घालतात. तिची भाजी हवी, भाव पाडून हवा, पण तिचा आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायला नको. त्याच वेळी मोबाइलवरून मागवलेलं सामान घेऊन मोटारसायकली आत-बाहेर करत असतात, त्यांना एका फोनवर फाटक उघडतं. आता मी या आजीला माझी पाहुणी म्हणून आत आणते. नोंदवहीत 'कुणाकडे' या रकान्यात माझा फ्लॅट नंबर लिहिते. त्यावरून मला समितीचं पत्र आलेलं आहे.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, त्यांच्या जागा ठरवणाऱ्या समितीत त्यांचेच निवडलेले प्रतिनिधी बसवा, असं तो सांगतो. हा कायदा मी एकदा सभेत वाचून दाखवला. "तो कायदा बाजारपेठेसाठी, आपला भाग रहिवासी आहे," असं उत्तर आलं. कायद्यात असं काही नाही. पण सभेत बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांपैकी एकानंही ते बोलून दाखवलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी न्हाणीघरात पडल्या. मुलगा-सून अमेरिकेत, नातवंडं फोनच्या पडद्यावर. सकाळी दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती, वर्तमानपत्र पायपुसण्यावर पडून होतं. त्याच मजल्यावरची तीन बिऱ्हाडं त्या दारावरून ऑफिसला गेली, फिरून आली, शाळेच्या बसपर्यंत गेली. गेल्या असतील बहिणीकडे, असं प्रत्येकाला वाटलं म्हणे. दहाच्या सुमाराला कामाच्या मावशी आल्या. त्यांनी बेल वाजवली, मोबाइल लावला, आत रिंग ऐकू आली. दाराला कान लावला, खाली धावल्या, वॉचमनला वर आणलं, किल्लीवाल्याला फोन करायला लावला. खुब्याचं हाड मोडलं होतं, रात्रभर आजी ओल्या फरशीवर पडून होत्या. वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्यानंतरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सहावा विषय होता लिफ्टचा वापर. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, कचरा नेणारे आणि सामान पोचवणारे यांनी जिना वापरावा, असा ठराव. कारणं दोन: लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च आणि वास. त्या मावशींचं वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, दिवसाला पाच घरं, त्यातली तीन आमच्याच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर. मी उभी राहून विचारलं की आजींना ज्यांनी उचललं त्यांनाही जिनाच का? एक गृहस्थ म्हणाले, "ताई, दोन गोष्टींची सरमिसळ करू नका." हात वर झाले, ठराव मंजूर झाला. लिफ्टच्या दाराशेजारी लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय. मी तो दोनदा काढला, दोनदा नवा लागला. सहनिवासाचा अर्थ आमच्या इमारतीत कसा लावतात ते त्या कागदावर ठळक टायपात छापलेलं आहे.

वास कुणाचा, तेही बोलायला हवं. कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, पुण्यात १९९३ साली उभी राहिली. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. देशभरातून माणसं हे काम बघायला पुण्यात येतात. आमच्या इमारतीत त्या कामाला येणाऱ्या ताईंना ओला-सुका कचरा एकाच पिशवीत मिळतो, वापरलेले सॅनिटरी नॅपकिन न गुंडाळता मिळतात, फुटलेली काच कागदाविना मिळते. महिन्याचं शुल्क मागायला गेलं की "नंतर या". वास आमच्या घरातून निघतो. तो उचलून नेणाऱ्या बाईच्या अंगाला चिकटवून आम्ही तिला लिफ्टमधून उतरवतो.

वॉचमनचा कप मीटरच्या पेटीवर पालथा घातलेला असतो. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. चहा वरून ओततात, कप कुणी घरात नेत नाही. बारा तासांची पाळी, बसायला प्लास्टिकची खुर्ची, आणि लघवीला जायला जागा नाही. इतकी वाहनतळाची जागा आखली, चारचाकीसाठी पट्टे मारले, पण दिवसरात्र राखण करणाऱ्या माणसासाठी एक संडास बांधावा असं आराखडा काढणाऱ्याला वाटलं नाही आणि वापरणाऱ्यांनाही वाटलं नाही. बाबा आढावांनी याच शहरातून बाहेर पडून गावोगाव 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत पायपीट केली. त्यांच्या पुण्यात, सुशिक्षित म्हणवणाऱ्या आमच्या इमारतीत, माणसाचा कप आजही बाहेर आहे.

आता सांगते, आम्हाला तर नाहीच नाही असं मी का म्हणाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. काम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठवलं गेलं होतं. पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही, आणि पाणी पुण्यात घुसलं. लकडी पूल बुडाला, नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंतींचे वाडे विरघळून खाली बसले. माझ्या आजीचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं. अंगावरचं लुगडं आणि कडेवरचं मूल एवढंच घेऊन ती बाहेर पडली. आधी शाळेत, मग अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हटमध्ये. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी थापताना कशी भाजून निघायची ते ती सांगायची. हटच्या रांगेला नळ एक होता. ब्राह्मण, शिंपी, बुरूड, सगळ्यांच्या बादल्या त्या एका नळाखाली. भांडणं रोज व्हायची, पण नळ एकच होता.

पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे आली. पुण्याचे आयुक्त म्हणून त्यांनी हे शहर आधी पाहिलेलं होतं. सरकारनं पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना जमिनी दिल्या. सहकारनगर, पर्वतीच्या आसपासचा भाग, दत्तवाडी, गोखलेनगर, एरंडवणे इथे त्या संस्थांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जिथे आज आमच्या गाड्या उभ्या असतात तिथे तेव्हा शेतं नि माळ होता, वस्तीत रात्री कंदील लागायचे. ही जमीन आमच्या आजोबांनी बाजारभावानं विकत घेतली नव्हती. त्यांचं घर पाण्यानं नेलं आणि समाजानं त्यांना दुसरं उभं करायला जागा दिली. ती द्यायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी शाळा, माझं शिक्षण, माझ्या आईवडिलांचं निवांत म्हातारपण त्या एका निर्णयावर उभं आहे.

म्हणूनच पुढची हकीकत माझ्या जिव्हारी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा फुगला आणि अरण्येश्वरच्या बाजूला सोसायट्यांच्या गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं मेली. ओढ्याचं पात्र झोपड्यांनी अरुंद केलं होतं, तसंच पक्क्या बांधकामांनी आणि सोसायट्यांच्या संरक्षक भिंतींनीही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या कानांनी जिन्यात ऐकलं: "मावशी, आज येताय ना? घरात केवढा चिखल झालाय." जिच्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरून गेलं होतं त्या बाईला हा फोन. तिच्याकडे किती चिखल झालाय हे त्या फोनवर विचारलं गेलं नाही.

पुढे २४ जून २०२१ ला, करोनाच्या काळात, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वसाहतीवर जेसीबी चालले. पुराचा धोका टाळायला ओढ्याचा प्रवाह सरळ करायचाय, असं कारण दिलं गेलं. न्यायालयाची स्थगिती त्याच दिवशी आली, पण तोवर घरं पडली होती. डोक्यावर ताडपत्री धरून बसलेल्या बायका सगळ्या पुण्यानं टीव्हीवर पाहिल्या. त्यातल्या काही आमच्याकडे भांडी घासत होत्या. १९६१ साली पुरानं उघड्यावर आलेल्यांना या शहरानं जमीन दिली. साठ वर्षांनी पुराचं नाव सांगून माणसांना उघड्यावर आणलं. पूरग्रस्तांची मुलं-नातवंडं राहतात त्या आमच्या कॉलनीतून एक पत्रक निघालं नाही, एक सही झाली नाही, एक पातेलं भात त्या पुलाखाली गेला नाही. "ते अनधिकृत होते" एवढं बोलून लोकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आजीच्या हटचा सातबारा कुणी पाहिला होता?

एवढी शांतता जपणारी आम्ही माणसं आवाजाच्या बाबतीत तरी प्रामाणिक आहोत का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. १४ एप्रिलला वस्तीतून गाण्यांचा आवाज आला की हे आकडे आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर फिरतात, पोलिसांना फोन जातात. संध्याकाळी पोरं तळमजल्यावर क्रिकेट खेळली की नोटीस लागते. मुलांनी खेळावं कुठे याचं उत्तर त्या नोटिशीत नसतं. आणि शेजारच्या जुन्या दोन मजली इमारतीच्या पुनर्विकासाचं काम सुरू आहे. सकाळपासून ब्रेकर धडाडतो, खिडकीच्या काचा थरथरतात, तान्ही मुलं दचकून उठतात, दम्याच्या माणसांनी दारं-खिडक्या बंद करून कोंडून घेतलंय. त्याबद्दल तक्रार नाही. कारण पुढचा नंबर आमचा आहे, वाढीव कार्पेट एरियाचं गणित प्रत्येकाच्या खिशात आहे. मिळकत वाढवणारा आवाज कितीही चालतो. माणसांचा आवाज तेवढा सहन होत नाही. झाडांचंही तसंच: आंबा, फणस, बकुळ, साठ वर्षांची झाडं पाडली जातात आणि माहितीपत्रकावर नव्या इमारतीभोवती हिरवा रंग छापून येतो.

भाड्यानं जागा मागायला आलेल्या माणसाला इथे आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, गावावरून आला नाही तर "नॉनव्हेज खाता का?" लातूर-नांदेडहून स्पर्धा परीक्षेला आलेली मुलं, एकटी राहणारी नोकरदार मुलगी, मुसलमान जोडपं, यांना नकार मिळतो आणि कारण कधीच खरं सांगितलं जात नाही. "कमिटी परवानगी देत नाही" असं मालक म्हणतात. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्यानं देताना संस्थेला कळवायचं असतं, तिची परवानगी मागायची नसते. भाडेकरू ठेवल्याबद्दल आकारायच्या जादा शुल्कावरही सरकारनं २००१ सालीच मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या १० टक्के, त्यापेक्षा जास्त नाही. आमच्या समितीच्या हातात नसलेला अधिकार समिती वापरते, मालक तिच्याआड लपतो, आणि दोघं मिळून कॉलनी 'आपल्या माणसांची' ठेवतात.

सुरक्षेचा मुद्दा दरवेळी पुढे केला जातो, तेव्हा त्याचंही बोलू. फाटकावरच्या ॲपमध्ये घरकाम करणाऱ्या बाईचा फोटो, आधार कार्ड, येण्याजाण्याची वेळ, सगळं नोंदलेलं असतं. तिच्या कामाला तारे देण्याचीही सोय आहे. तिचा पगार किती महिने थकला, सुट्टीचे पैसे किती कापले, तिच्याशी घरातला पुरुष कसा बोलला, हे नोंदायला त्यात रकाना नाही. ती आमच्या घरात शिरते तेव्हा धोका आम्हालाच असतो असं गृहीत धरून ती यंत्रणा बनवलेली आहे. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, पगारवाढ मागितली, आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या मागण्या त्या बायका आजवर करतच आहेत. आमच्या इमारतीत किती घरांत दोन्ही मिळतं हे मी दारोदार जाऊन विचारलं. बहुतेक ठिकाणी मला "तुम्ही आमच्या बायकांना बिघडवताय" असं ऐकवलं गेलं.

फाटकाबद्दल मी माहिती अधिकारात अर्ज केला आहे. महापालिकेच्या रस्त्यावर ते बसवायला परवानगी कोणी दिली, कोणत्या तारखेला दिली, त्या कागदाची प्रत मागितली आहे. कायद्यानं उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. प्रत नसेल तर फाटक काढण्याचा अर्ज तयार ठेवलाय. येत्या सर्वसाधारण सभेसाठी तीन ठराव लेखी दिले आहेत: लिफ्टशेजारचा कागद काढावा आणि लिफ्ट इमारतीत येणाऱ्या प्रत्येकासाठी खुली असावी, वाहनतळाच्या कोपऱ्यात, जिथे सध्या एका सभासदाची न वापरलेली जुनी गाडी सडते आहे तिथे, वॉचमन आणि कामाला येणाऱ्या स्त्रियांसाठी संडास-नळ बांधावा, आणि इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यावी. सचिवांनी मला बोलावून "हे विषय आपण बाहेर चहावर बोलू" असं सुचवलं. मी नाही म्हटलं. हे विषय सभेतच यायला हवेत, मतदान व्हायला हवं, आणि गुप्त नाही. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी उभं राहून कारण सांगावं, हात वर करावा, आणि ते कारण त्यांच्या नावापुढे, त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहिलं जावं.